रिमॅप केलेली गाडी पीयूसीला नापास होतेय? खिसा मोकळा करायच्या आधी हे बघा

गाडी रिमॅप केली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली, पिकअप जबरदस्त आला, घाटात ओव्हरटेक करताना गियर पाडायची गरज राहिली नाही, सगळं मस्त चाललंय आणि मग पीयूसी संपते, सेंटरवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून रेस देतो आणि मान हलवतो. माझ्या गाडीचं हे दोनदा झालंय आणि त्यानंतर मित्रांच्या, पाव्हण्यांच्या मिळून दहाबारा गाड्यांचं हेच दुखणं मी निस्तरलंय. माझी गाडी २०१२ ची डिझेल, १.३ मल्टिजेट इंजिन, स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता नुसता प्रोग्रॅम बदललेला). त्यामुळे खाली डिझेलवर जास्त लिहिलंय, पेट्रोलचं वेगळं सांगितलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नुसत्या रिमॅपमुळे नापास झालेल्या गाड्या मी कमी बघितल्यात. बहुतेक वेळा गाडीत आधीपासून बारीकसा आजार असतो, चोंदलेला फिल्टर, चिरलेला होज पाइप, घाणेरडा सेन्सर, आणि कंपनीच्या सेटिंगमध्ये तो खपून जातो कारण कंपनी भरपूर मार्जिन ठेवते. रिमॅपवाला तेच मार्जिन वापरून ताकद काढतो, मग लपायला जागा उरत नाही. म्हणून "ट्यून खराब आहे" म्हणून ट्यूनरशी भांडायच्या आधी गाडी तपासा, आणि "गाडीच खराब आहे" म्हणून इंजिन खोलायच्या आधी ट्यून तपासा.

लक्षणं काय दिसतात

डिझेलमध्ये आयडलला धूर अजिबात नाही, हळूहळू रेस दिली तरी नाही, पण पाय एकदम दाबला की काळा ढग. हे सगळ्यात कॉमन. दुसरं, सकाळी ऑफिसला जाताना नापास आणि तीच गाडी रविवारी हायवेवरून आल्यावर पास. तिसरं, मागचा बंपर सायलेन्सरच्या बाजूला काळवंडलेला, बोट फिरवलं तर काजळी लागते. चौथं, ॲव्हरेज दोनतीनने कमी झालंय पण पिकअप ठीक वाटतोय म्हणून आपण दुर्लक्ष केलंय.

धुराचा रंग नीट बघा, मागे कुणाला तरी उभं करा आणि दिवसाउजेडी बघा. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, आणि हा पोस्ट त्याच्याबद्दल आहे. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनला पांढरा धूर सारखा येत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. निळा किंवा पांढरा असेल तर खालचं काही करत बसू नका, सरळ चांगल्या मेकॅनिककडे जा, ते ट्यूनचं दुखणं नाही.

पेट्रोलला डोळ्यांना काही दिसत नाही, स्लिपवर दिसतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त, किंवा हायड्रोकार्बन जास्त, किंवा लॅमडा (हवा आणि इंधनाचं प्रमाण) रेंजच्या बाहेर. तिघांची कारणं वेगवेगळी, त्यामुळे "पेट्रोल गाडी नापास झाली" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही, आकडा सांगा.

पहिलं काम फुकट आहे: स्लिप वाचा

नापास झाल्यावर सेंटरवाल्याकडून रिजेक्शन स्लिप मागून घ्या. २०२१ पासून ती द्यायचीच आहे, कारणासकट. बरेच जण "राहू दे" म्हणून तशीच गाडी घेऊन येतात आणि मग मला फोन करतात, आणि मला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की आकडा किती आला.

डिझेलचा आकडा के व्हॅल्यूमध्ये असतो, म्हणजे धुरातून उजेड किती अडतो त्याचं माप. बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा. बीएस ४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. जुन्या हार्टरिज युनिटमध्ये हेच ५० आणि ६५. पेट्रोलमध्ये बीएस ४ कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, वर २५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅमडा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. बीएस २, बीएस ३ पेट्रोल कारला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम.

आता यात एक गंमत आपल्याकडे हमखास सापडते. बीएस ४ हे १ एप्रिल २०१० ला फक्त तेरा शहरांत लागू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, आणि सगळ्या देशात लागू व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला. म्हणजे त्या मधल्या वर्षांतली सातारा पासिंगची गाडी बीएस ३ असू शकते आणि तेच मॉडेल, तेच वर्ष, पुणे पासिंगचं असेल तर बीएस ४. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा आकडा २.१ आला होता आणि नापास दाखवत होतं, आरसी काढून बघितली तर गाडी बीएस ३, सेंटरवर निवडताना बीएस ४ झालेलं. म्हणजे गाडी पासच होती! पाच मिनिटांत सुटलं. तर आरसीवरचा स्टेज आणि स्लिपवरचा स्टेज जुळतो का ते आधी बघा.

आकडा मर्यादेच्या किती वर आहे तेही महत्त्वाचं. १.६२ ला १.८ आला असेल तर साफसफाईवर भागेल. ३ च्या पुढे असेल तर काहीतरी फाटलंय, तुटलंय किंवा ट्यूनच बेसुमार आहे, फिल्टर बदलून तो खाली येणार नाही.

गाडी खरंच गरम होती का

घरापासून सेंटर दोन किलोमीटर, त्यात दोन सिग्नल, मग रांगेत बंद गाडी. हे गरम इंजिन नाही. काटा मध्यावर आला म्हणजे पाणी गरम झालं, ऑइल अजून थंड असतं, आणि थंड इंजिनमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालवून जा आणि रांग असेल तर गाडी चालू ठेवा. टेस्टच्या वेळी एसी, हेडलाइट, सगळं बंद.

आणि जायच्या आधी ऑइलची पट्टी बघा, टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट कधी बदललाय ते आठवा. हे पासनापासासाठी नाही सांगत, इंजिनासाठी सांगतोय. डिझेलच्या टेस्टमध्ये पाय पूर्ण दाबून इंजिन त्याच्या कमाल आरपीएमपर्यंत नेतात, तेही एकदा नाही, आधी काजळी उडवायला आणि मग रीडिंग घ्यायला, असं परत परत. काही रिमॅपमध्ये आरपीएमची मर्यादाच वर नेलेली असते, म्हणजे टेस्टमध्ये इंजिन कंपनीने ठरवलं त्याहून जास्त फिरणार. ऑइल कमी असेल किंवा बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर त्या दिवशी टेस्ट करूच नका.

सिटीत सडलेली गाडी एकदा मोकळी करा

रोज हिंजवडीचं ट्रॅफिक, सेकंड-थर्ड गियर, १५०० आरपीएम. अशा गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी साठते आणि पाय दाबला की ती सगळी एकदम मीटरमध्ये जाते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या हायवेला अर्धा तास एक गियर खाली ठेवून अडीच ते तीन हजार आरपीएमवर गाडी पळवा, मधेमधे चढावर थोडा दम द्या. वेगमर्यादा तोडायची गरज नाही, गियर खालचा असला की आरपीएम आपोआप मिळतात. बॉर्डरवरच्या गाड्या निव्वळ एवढ्यावर पास झालेल्या मी बघितल्यात. पण दर वेळी हेच करून पास करावं लागत असेल तर ते औषध नाही, मलमपट्टी आहे, पुढे वाचा.

ट्यूनिंग बॉक्स असेल तर आत्ताच काढून बघा

रिमॅप आणि बॉक्स यात फरक आहे. बॉक्स सेन्सरच्या वायरमध्ये बसतो, बहुतेक वेळा कॉमन रेलच्या (नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे, मग ईसीयू प्रेशर वाढवतो आणि नोझलमधून जास्त डिझेल जातं. ईसीयूला वाटतं आपण मोजूनच देतोय, प्रत्यक्षात जास्त जातंय, त्यामुळे धुराला लगाम घालणारा त्याचा हिशोबच चुकतो. काढायला दहा मिनिटं लागतात, इग्निशन बंद, कनेक्टर सोडवा, मूळ कनेक्टर परत जोडा. गाडी दोनचार दिवस तशीच चालवा आणि धूर बघा. गेला तर उत्तर मिळालं, पुढचा एक रुपया खर्च करू नका.

एअर फिल्टर आणि एअर फ्लो सेन्सर

कागदी फिल्टर तीनचारशे रुपयात येतो, तो आधी बदला. "हवा मारून साफ केलाय" हे मला सांगू नका, कागदाच्या आत रुतलेली धूळ हवेने जात नाही.

खरा घोळ तेल लावलेल्या धुऊन वापरायच्या परफॉर्मन्स फिल्टरने होतो. धुतल्यावर लोक त्यावर तेल ओततात, अगदी भिजवतात, आणि ते तेल हवेबरोबर उडून एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते. मग सेन्सर हवा चुकीची मोजतो. एकदा एका गाडीचा सेन्सर बाहेर काढला, टॉर्च मारला तर आतली ती केसासारखी तार दिसायला हवी तशी चकचकीत नाही, तिच्यावर तपकिरी मऊ लव आली होती, जुन्या पंख्याच्या पात्यावर येते ना तशी. एअर फ्लो सेन्सरसाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, लांबून दोन-तीन फवारे, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. कापूस, ब्रश, इअरबड काही लावू नका, तार तुटते आणि नवा सेन्सर हजारांत जातो. कार्ब्युरेटर क्लीनरही वापरू नका.

ओबीडी डोंगल, पाचसहाशेत डॉक्टर

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावून इंजिनचे दोष-कोड वाचणारं ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर एखादं ॲप, एवढं प्रत्येक रिमॅपवाल्याकडे असायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे कोड नाही असं नसतं, पेंडिंग कोड बघा. पी०१०१ म्हणजे एअर फ्लो सेन्सर, पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) फ्लो कमी, पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. पेट्रोलला पी०४२० आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला विषारी वायू कमी करणारा डबा. कोड लिहून ठेवा, फोटो काढा, आणि टेस्टच्या तोंडावर नुसतं इरेज मारून जाऊ नका, दोष तिथेच असतो.

सगळ्यात जास्त वेळा दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कूलंटचं तापमान. अर्धा तास चालवूनही ते ८० च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन गारच राहतं, ईसीयू थंड इंजिनच्या हिशोबाने इंधन देत राहतो, ॲव्हरेजही पडतं. माझी गाडी दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा हेच होतं, मी आठवडाभर रिमॅपच्या मागे लागलो होतो आणि दोष थर्मोस्टॅटचा निघाला.

होज पाइप, इथे वेळ द्या

डिझेल, रिमॅप आणि काळा धूर असं त्रिकूट असेल तर माझा हात आधी इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजकडे जातो. रिमॅपने टर्बोचं प्रेशर वाढलेलं असतं आणि रबर मात्र दहाबारा वर्षांचं. बोनेट उघडून नुसतं बघितलं तर सगळं ठीक दिसतं कारण बंद गाडीत चीर मिटलेली असते, आतून हवा दाबली की ती उघडते. मोजलेली हवा बाहेर पळते, ईसीयूने डिझेल मात्र तेवढ्या हवेचं टाकलेलं असतं, तो उरलेला सगळा काळा धूर.

शोधायचं कसं? इंजिन थंड आणि बंद. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेकपर्यंत प्रत्येक होजवर हात फिरवा, खालच्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही तिथे. एका गाडीत वरून होज नवाकोरा वाटत होता, खालून बोटं काळ्या चिकट तेलात बरबटली, क्लिप सैल करून होज पिळला तर क्लिपच्या अगदी कडेला नखाएवढी चीर, ओठ उघडावेत तशी उघडली. तेवढ्या चिरेने के व्हॅल्यू ३ च्या वर गेली होती. टर्बोच्या हवेत थोडी ऑइलची वाफ असतेच, गळतीच्या जागी ती बाहेर येऊन डाग पाडते, म्हणून डाग शोधा, गळती सापडेल. क्लिप जुन्या असतील तर त्याही बदला. टेप गुंडाळून काम भागत नाही, प्रेशरला आणि उष्णतेला ती सुटते.

ओरिजिनल फाइल टाकून बघा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं असेल तर आता ट्यूनरकडे जा आणि कंपनीची मूळ फाइल, म्हणजे रिमॅपच्या आधीचा प्रोग्रॅम, टाकायला सांगा. रिमॅपच्या आधी मूळ फाइलचा बॅकअप घेतलाच पाहिजे आणि तो तुमच्याकडेही पाहिजे, पेन ड्राइव्हमध्ये. ट्यूनर "बॅकअप नाहीये" म्हणाला तर तुम्ही चुकीच्या माणसाकडे गेला होतात.

मूळ फाइलवर गाडी पास झाली तर दोष मॅपमध्ये. मूळ फाइलवरही नापास, तर दोष गाडीत, ट्यूनरला सोडा. यापेक्षा स्वच्छ चाचणी दुसरी नाही.

मॅपमध्ये दोष असला तर बहुतेक वेळा तो स्मोक लिमिटरमध्ये असतो. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये एक तक्ता असतो की एवढी हवा असेल तर जास्तीत जास्त एवढंच डिझेल. पाय एकदम दाबला की टर्बोला हवा भरायला क्षणभर वेळ लागतो, तेवढ्या वेळात हा तक्ता डिझेल रोखून धरतो. स्वस्तातले ट्यूनर हा तक्ता उघडाच सोडतात, गाडी खालच्या आरपीएमला झटकन उचलते, गिऱ्हाईक खूश, आणि मागे ढग. ट्यूनरला स्पष्ट शब्दांत सांगा की खालच्या आरपीएमचा स्मोक लिमिटर मूळच्या जवळ आण आणि तुझ्याच दारात परत मीटर लावून दाखव. खालचा पिकअप थोडा मऊ होतो, वरची ताकद जवळजवळ तशीच राहते. माझी गाडी अशीच केलीय, पश्चात्ताप नाही.

एक मात्र मनापासून सांगतो. मूळ फाइलवर पास करून घ्यायची आणि संध्याकाळी परत धूर काढणारी फाइल टाकायची, हे लोक सर्रास करतात, करू नका. तो धूर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या, त्याच्या पुढे बसलेल्या पोराच्या तोंडावर जातो. पैसे देऊन गाडी न दाखवता सर्टिफिकेट आणणं तर त्याहून वाईट. आणि कायद्याचंही माहीत असू द्या: मोटार वाहन कायद्याच्या प्रदूषणाच्या कलम १९० मध्ये पहिल्या गुन्ह्याला १०,००० पर्यंत दंड आहे, आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्यावर कलम ५२ चं बंधन वेगळं. पीयूसी मिळाली म्हणजे रिमॅप कायदेशीर झाला असं होत नाही. यावर वाद नको असेल तर मूळ फाइलवरच गाडी ठेवा, खरंच.

पेट्रोलवाल्यांसाठी

आयडलला पेट्रोल गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून स्वतःच मिश्रण जुळवत असते, त्यामुळे साध्या स्टेज १ ने आयडलचे आकडे बिघडायला नकोत. बिघडले तर आधी एक्झॉस्टची गळती बघा. मॅनिफोल्डपाशी किंवा फ्री फ्लो सायलेन्सरच्या जोडापाशी बारीक भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, कार्बन मोनॉक्साइड वर. भोक सेन्सरच्या मागे, शेपटाकडे असेल तर मीटरला लॅमडा जास्त दिसतो. हायड्रोकार्बन एकटं जास्त असेल तर मिसफायर, स्पार्क प्लग काढून गॅप मोजा, ट्यून केलेल्या टर्बो पेट्रोलला प्लग लवकर बदलावे लागतात. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला असेल तर बाकी काही शोधू नका. तो परत बसवा.

इथे थांबा

ईजीआर व्हॉल्व्ह काढून काजळी साफ करणं हाताशी टूल्स आणि एक रविवार असेल तर घरी जमतं, गॅस्केट मात्र नवं आणून ठेवा. ईजीआर बंद करणं किंवा ब्लँक करणं मी सुचवणार नाही, ते काजळीचं उत्तर वाटतं पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, मीटरला दिसत नसले तरी.

त्याच्या पुढे आपलं काम संपलं. नोझल गळतायत की नाही, रिटर्न (नोझलमधून परत जाणारं डिझेल) किती आहे, हे डिझेल पंप-नोझलच्या लॅबमध्येच कळतं. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, चालू इंजिनला पाइप सैल करून "बघतो जरा" करू नका, ती धार कातडीतून आत शिरते आणि वरून जखम टाचणीएवढीच दिसते. असं कधी झालंच तर घरी मलम लावत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलला जा. टर्बोतून शिट्टीपेक्षा वेगळा घासल्याचा आवाज येत असेल, होजमध्ये ऑइलचा नुसता पातळ थर नाही तर चक्क साठलेलं ऑइल सापडलं, किंवा पी००८७ परत परत येत असेल, तर गाडी चालवणंही थांबवा आणि टो करून न्या. बीएस ६ डिझेलच्या थंड सायलेन्सरमध्ये पांढरं फडकं फिरवून ते काळं निघालं तर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) फुटलाय किंवा आधीच्या मालकाने काढलाय, ते काम अधिकृत वर्कशॉपचं.

वर्कशॉपला जाताना रिजेक्शन स्लिप, कोडचे फोटो आणि काय काय तपासलं त्याची यादी घेऊन जा, आणि गाडी रिमॅप आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. लपवलं तर मेकॅनिक कंपनीच्या आकड्यांशी तुलना करत दोन दिवस घालवतो आणि त्याचं बिल तुम्ही भरता.